बाटलीतले डिझेल

आमच्या हिमायतनगरच्या घरात जेवणाच्या टेबलावर आजवर पुष्कळ गोष्टी मांडल्या गेल्या. लग्नाच्या याद्या, पत्रिका, पोरांच्या गुणपत्रिका. पण 2016 सालच्या श्रावणात तिथे एक सरबताची रिकामी बाटली डिझेलने भरून रात्रभर उभी होती, आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्या वासावरून आम्हांला जे ऐकवले ते या पानांत छापण्याजोगे नाही.

प्रकरण मालमोटारीचे होते. आमच्या धाकट्या बंधूंनी ती 2008 साली घेतली. 2014 साली ते अकस्मात गेले, आणि भावजयीचा व दोन मुलांचा संसार त्या सहा चाकांवर येऊन ठेपला. आम्ही बँकेतून निवृत्त झालेले. जमाखर्च उत्तम, यंत्रज्ञान शून्य. तरीही वडीलकीच्या नात्याने कारभार आमच्याकडे आला. गाडी हैदराबादहून संगारेड्डी, पिटलम, मदनूर, देगलूर असे करीत नांदेडला जाई आणि हळद, सरकी, मिळेल तो माल घेऊन परते. (नांदेड जिल्ह्यातही एक हिमायतनगर आहे, त्यामुळे आमचा पत्ता ऐकून तिकडचे व्यापारी प्रथम गोंधळतात, मग चहा मागवतात.)

दोन वर्षांत इंजेक्शन पंप दोनदा उघडावा लागला. गाडी चढावर दम टाकी, धूर काळा, सकाळी चालू होण्यास नखरे. पंप दुरुस्त करणाऱ्याने दुसऱ्या वेळी मान हलवून सांगितले, "साहेब, डिझेल खराब आहे." आमच्या हिशेबी मनाने या तीन शब्दांचा एकच अर्थ लावला. भावाच्या वेळेपासून गाडीवर असलेले चाचा वाटेत डिझेल विकून टाकीत रॉकेल ओतत असावेत! आम्ही तसे तोंडावर म्हटले नाही, आम्ही सुसंस्कृत! फक्त पंपावरच्या पावत्या मागू लागलो, आणि टाकी कधीही पूर्ण भरायची नाही, फेरीपुरतेच डिझेल घ्यायचे, असा हुकूम काढला. चाचा समजायचे ते समजले. तीन दिवस त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते ती बाटली घेऊन आले. टाकीच्या तळाचा नट सैल करून त्यांनी ती भरून आणली होती. टेबलावर ठेवीत म्हणाले, "मालक, रात भर रहने देव. हात नक्को लगाव. सुबह तुमीच देखो."

सकाळी पाहतो तो वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर पाणी, आणि पाण्याखाली तांबूस गंजाची पूड. पाणी डिझेलहून जड. टाकीत ते तळाशी जाऊन बसते, आणि नेमके तळाजवळूनच इंजिनाकडे डिझेल ओढले जाते. हे पाणी आले कोठून? एक तर टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर फाटला होता व पावसाळा चालू होता. दुसरे कारण पंपवाल्याने सांगितले आणि आमचा घास घशात अडकला. अर्धी रिकामी टाकी रात्री उभी राहिली की आतली दमट हवा गार पडून तिचे दव पत्र्याच्या भिंतींवर धरते व खाली उतरते. टाकी अर्धी रिकामी ठेवण्याचा हुकूम कोणाचा होता हे वाचकांच्या लक्षात असेलच. पंपाचे काढून ठेवलेले दट्टेही त्याने दाखवले. त्यांवर गंजाचे बारीक खड्डे होते. ते रॉकेलचे नव्हेत, पाण्याचे.

या पंपाची नजाकत आम्हांला तेव्हा कळली. रुडॉल्फ डिझेल यांच्या पहिल्या इंजिनात इंधन दाबलेल्या हवेने फुंकले जाई. त्यासाठी मोठा काँप्रेसर लागे, म्हणून ते इंजिन कारखान्यांत व जहाजांवरच शोभे. बॉश कंपनीने 1927 साली आपला पंप बाजारात आणला आणि डिझेल इंजिन मालमोटारीच्या पोटात मावले. आपल्याकडे 1951 साली बंगलोरला स्थापन झालेली मायको ती याच घराण्यातली. 2008 पासून तिचे नावही बॉश झाले, पण मेकॅनिकांच्या तोंडी 'मायको पंप'च राहिला. या पंपातला दट्टा व त्याची नळी यांत दोनतीन मायक्रॉनचेच अंतर. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. दट्ट्याला वंगण तरी कोणते? डिझेल हेच. तिथे गंजाचा कण किंवा पाण्याचा थेंब शिरला तर काय होणार?

म्हणून ठरले की केवळ पंप दुरुस्त करून भागणार नाही, गाळण्याची सारी व्यवस्थाच नव्याने लावायची. टँकबंडवरून आम्ही, पुतण्या व चाचा असे तिघे राणीगंजच्या बाजारात गेलो. मध्यंतरी एका दुकानातून आम्ही निम्म्या किमतीत घेतलेले फिल्टर तिथल्या एका जाणत्या मेकॅनिकाने फोडून दाखवले. आतल्या कागदाच्या घड्या विरळ, चिकटवण सुटलेले. डिझेल कागदातून न जाता बगलेने पसार होत होते. ही काटकसर कोणाची, हेही विचारू नये.

पुतण्याला एक नव्या धर्तीचा, फिरवून बसवायचा सबंध डबा आवडला. तो फार बारीक गाळतो म्हणून टाकीलगतच लावू, असे त्याचे म्हणणे. मेकॅनिक हसला. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असते. तिथे फार बारीक गाळणी लावली तर फीड पंपाला डिझेल ओढवत नाही आणि चढावर इंजिन उपाशी मरते. शिवाय ओढीच्या बाजूला जोड सैल असला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते, आणि दोष शोधता शोधता दिवस जातो. बारीक गाळणी शोभते ती फीड पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला. नव्या कॉमन रेल गाड्यांत 1600 बार आणि त्याहूनही अधिक दाब असतो. त्यांना तसली चाळण हवीच. आमच्या जुन्या नोझलचे तोंड सुमारे 200 बारला उघडते.

चाचांनी मग एकच प्रश्न विचारला, "देगलूर में मिलता क्या ये?" तो डबा तिथे मिळेल याची खात्री कोणी देईना. आमच्या मते त्या दिवशी दुकानात विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच.

अखेर ठरले ते असे. मूळची दोन वाट्यांची जोडी तशीच ठेवायची: पहिलीत जाड गाळणारा एलिमेंट, दुसरीत कागदी बारीक, दोन्ही खात्रीच्या दुकानातून, पावतीसह. टाकी उतरवून आतून धुवायची, झाकणाला नवा वायसर. आणि टाकी व फीड पंप यांच्या मध्ये पाणी वेगळे करणारे एक पारदर्शक भांडे, तळाला तोटी असलेले. त्यात गाळणे जवळजवळ नाहीच. डिझेलचा वेग मंदावतो व पाणी आपोआप खाली बसते. ते सायलेन्सरपासून दूर, वाकून पाहता येईल अशा उंचीवर चाचांनी स्वतः जागा दाखवून बसवून घेतले. नव्या वाट्या वरून डिझेल ओतून भरायच्या नाहीत, हातपंपानेच भरायच्या, नाहीतर न गाळलेले डिझेल थेट पलीकडच्या बाजूला जाते. हेही त्यांनीच पुतण्याला शिकवले. वरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हात चालवून एअर काढली, आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली.

राहिली आमची गोष्ट. चाचांची क्षमा मागावी हे पटत होते, पण जीभ वळेना. शेवटी भावजयच पुढे झाली. चहाचा कप त्यांच्या हाती देऊन म्हणाली, "चाचा, दादांनी हुकूम मागे घेतलाय. आजपासून मुक्कामाला टाकी भरूनच ठेवा." आम्ही मान डोलावली. चाचांनी चहा घेतला. आमच्याकडे मात्र पाहिले नाही. ते पाहणे आणखी दोन फेऱ्यांनंतर सुरू झाले.

त्या पावसाळ्यात रोज सकाळी निघण्यापूर्वी ते तोटी उघडून चमचा दोन चमचे पाणी सोडीत, आणि तसे आम्हांला फोनवर कळवीत. पावत्या मागणे आम्ही बंद केले होते. त्या ते आपणहून पाठवीत राहिले.