कुबड्यांवर आलेले गाणे

१/ जून १९६१. नॅशव्हिलमध्ये दोन मोटारींची समोरासमोर धडक झाली. गायिका पॅट्सी क्लाइन काचेवर आदळली. कपाळ फाटले, मनगट मोडले, खुब्याचा सांधा निखळला.

२/ २१ ऑगस्टला ती कुबड्यांवर ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत आली. गाणे होते ‘क्रेझी’. गीतकार विली नेल्सन, तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला.

३/ त्या काळी तीन तासांच्या सत्रात तीन-चार गाणी उरकत. त्या दिवशी हे एकही पुरे झाले नाही. दुखऱ्या बरगड्यांमुळे वरच्या स्वरांना श्वास पुरेना. ब्रॅडलीने वाद्यमेळ ध्वनिफितीवर राखून ठेवला आणि तिला घरी पाठविले.

४/ काही आठवड्यांनी ती परतली आणि त्याच वाद्यमेळावर गायली. ऑक्टोबरात तबकडी निघाली. कंट्री संगीताच्या यादीत तिने दुसरे स्थान गाठले, पॉपच्या यादीत नववे.

५/ ५ मार्च १९६३ रोजी विमान अपघातात पॅट्सी गेली. वय अवघे ३०.

६/ दुःखातून कला जन्मते, असे सहज म्हटले जाते. या गाण्याला मात्र बरगड्यांचे दुखणे ओसरेपर्यंत थांबावे लागले. आणि थांबू देणारा एक माणूस तेथे होता.