तीस रुपयांची चूक



भाद्रपद शुद्ध पंचमीला आपलं दशलक्षण पर्व सुरू होतं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी शेजारी, नातेवाईक, कामाच्या मावशी, सगळ्यांची आपण हात जोडून क्षमा मागतो. घरातल्या मुलांची मागतो का? मी तरी मागितली नव्हती.

मुलगा तेव्हा चौथीत होता. मी बी.कॉम., त्यामुळे घरखर्चाची वही रोज लिहायची आणि महिनाअखेरीस ताळमेळ घालायची सवय. एका महिन्यात डब्यात ३० रुपये कमी भरले. त्याच आठवड्यात त्याच्याकडे नव्या गोट्या दिसल्या होत्या. त्याने रडत रडत "मी नाही घेतले" म्हणून सांगितलं. मी ऐकलं नाही. दोन चापट्या मारल्या आणि संध्याकाळी ह्यांच्याही कानावर घातलं. हे काही बोलले नाहीत, पण पैशांचा डबा त्या दिवसापासून वरच्या फळीवर गेला.

दोन दिवसांनी चूक सापडली. पान उलटताना खर्चाची बेरीज ३४५ ऐवजी ३१५ अशी मीच पुढे ओढली होती. वही दुरुस्त केली. मुलासाठी साजूक तुपातला शिरा केला. तोंडातून मात्र शब्द निघाला नाही. आईनेच माफी मागितली तर धाक काय राहणार, असं वाटायचं.

गेल्या क्षमावणीला माझा मुलगा त्याच्या सात वर्षांच्या लेकीसमोर हात जोडून बसला. आदल्या दिवशी तिला उगाच रागावला होता. तिनेही गंभीरपणे हात जोडले. मला राहवलं नाही. ती झोपल्यावर मी त्याला बेरजेची गोष्ट सांगितली आणि क्षमा मागितली.

तो हसला. "आई, शिऱ्यावरूनच मला कळलं होतं गं." मग जरा थांबून म्हणाला, "बाबांना सांगितलं होतंस ना?"

नव्हतं सांगितलं. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

वहीतली चूक केव्हाही दुरुस्त करता येते. मुलावर घेतलेला आळ मात्र ज्यांच्या कानावर घातला, त्यांच्यासमोरच पुसावा लागतो, आणि तोही वेळेत. धाकाचं म्हणाल, तर माझी नात तिच्या बाबाचं सगळं ऐकते. उलट चूक झाली की आपणहून येऊन सांगते.

यंदा क्षमा मागायला बाहेर पडण्याआधी घरातल्या लहानग्यांपासून सुरुवात करूया.