कोप्यांच्या गांवचें गणित

पुण्याहून पंढरीस निघालेला प्रवासी मोठा रस्ता सोडून नीरेच्या डाव्या कालव्याच्या मुलुखांत शिरला, कीं दोहों बाजूंस उंसाची हिरवी भिंत उभी राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा कालवा वाहूं लागला आणि जेथें बाजरीचाहि भरंवसा नव्हता तेथें पुढें ऊंस डोलूं लागला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु हा ऊंस तोडतो कोण, आणि तोडणारांचीं मुलें त्या महिन्यांत करतात काय, ह्याचा विचार आमच्यासारखे पांढरपेशे प्रवासी क्वचितच करतात. आम्हींहि तो कधीं केला नव्हता. आमचे मेहुणे तिकडील एका साखर कारखान्यांत रसायनज्ञ आहेत. गेल्या पौषांत त्यांच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला, म्हणून तो घडला. बरोबर आमचें कुटुंब आणि सहावींत शिकणारा धाकटा पुतण्या होता.

कारखान्यामागच्या माळावर दिवाळीच्या सुमारास एक गांवच वसतें, आणि हंगाम सरला कीं तें उठून जातें. त्यास ना वेस, ना देऊळ, ना पार. कांहीं कारखान्यांवर अशा मुलांसाठीं साखरशाळा चालतात; ह्या माळावर तीहि नव्हती. बांबूच्या कांबी वांकवून त्यांवर चटया घातलेल्या, ताठ उभें राहतां येऊं नये अशा ह्या झोंपड्यांस कोपी म्हणतात. बीड जिल्ह्यांतील शिरूर, पाटोदा अशा कोरड्या भागांतून आलेलीं कुटुंबें त्यांत राहतात. येथें माणसें मोजण्याची रीतहि निराळी. नवराबायकोचें जोडपें म्हणजे 'एक कोयता'. हंगामापूर्वीं मुकादम त्या कोयत्यास 'उचल' देतो. ती टनामागें ठरलेल्या दरानें ऊंस तोडून फेडावयाची. आजारानें एखादा दिवस चुकला तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जावयाचे. पहांटेच्या अंधारांतच धडधाकट माणसें फडावर जातात, आणि मळीच्या आंबूस वासांत मागें उरतात तीं म्हातारीं माणसें आणि मुलें.

दुसरे दिवशीं दुपारीं आम्ही तिकडे फिरावयास गेलों. पुतण्याच्या हातीं त्याचा पाटीएवढा टॅब होताच. एका कोपीच्या दाराशीं अकरा-बारा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हातीं बटणांचा जुना फोन होता. त्याचें पाठीमागचें झांकण रबराच्या वळ्यानें आवळलेलें, आणि बटणांवरचे आंकडे झिजून गेलेले. ती सापाचा खेळ खेळत होती. दाणा खाल्ला कीं साप वाढतो, आणि तोंड स्वतःच्या शेपटीस लागलें कीं मरतो. नोकिया कंपनीच्या फोनसाठीं तानेली अर्मांतो नांवाच्या फिनलंडमधील गृहस्थानें १९९७ सालीं हा खेळ रचला. पुढें त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि आपल्याकडील खेड्यापाड्यांतहि पोंचल्या. ह्या मुलीच्या फोनवर जितकी वरची पायरी, तितके एका दाण्यास गुण, असा हिशेब होता.

पुतण्यास मौज वाटली. त्यानें फोन मागून घेतला, सातवी पायरी लावली, थोडा वेळ खेळला, आणि साप मेल्यावर ऐटीनें म्हणाला, "पासष्ट!"

मुलगी पडद्याकडे न पाहतांच म्हणाली, "दादा, सातव्या पायरीला पासष्ट व्हतच न्हाईत. तिरसष्ट व्हतील, न्हाईतर सत्तर."

पडद्यावर त्रेसष्टच होते. आमच्या वीरानें घाईंत वाचण्यांत चूक केली होती. "म्हंजी नऊ घास खाल्ले त्यानं," ती पुढें म्हणाली, आणि भावाचें नाक पुसूं लागली. आम्ही आणि आमचें कुटुंब एकमेकांकडे पाहतच राहिलों. पाढे पाठ असणें निराळें, आणि उत्तर चुकलें आहे हें उत्तराच्या अंगावरूनच ओळखणें निराळें. हें दुसरें आम्हांस कॉलेजांतहि फार उशिरां साधलें.

हें तुला कोणीं शिकविलें, असें विचारतां ती म्हणाली, "गावाकडच्या बाई. दर रविवारी सांजच्याला फोन करत्यात." त्या बाई तिच्या गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षिका. वर्गांतलीं अर्धीं मुलें दिवाळीनंतर आईबापांच्या मागें निघून जातात. त्यांच्या घरच्या फोनांचे क्रमांक त्यांनीं उतरून ठेवले आहेत. त्या फोनवर पुस्तक शिकवीत नाहींत. खेळाचा जाब घेतात. आज कितव्या पायरीवर खेळलीस? गुण किती झाले? मग घास किती खाल्ले? आठव्या पायरीवर शंभर ओलांडावयास किती घास लागतील? खेळ संपला कीं दुसरा डाव: बाई मनांत शंभरांतील एक आंकडा धरणार, आणि मुलीनें सात प्रश्नांत तो ओळखावयाचा. आमच्या पुतण्यानें लगेच आंकडा धरला. "पन्नासाहून मोठा? पंचाहत्तराहून मोठा?" असें दर वेळीं उरलेल्यांचे दोन भाग करीत तिनें सहाव्या प्रश्नासच तो पकडला. टॅबवर गणिताचे रंगीत खेळ रोज तासभर खेळणाऱ्या आमच्या चिरंजीवांस चौदा प्रश्न लागले.

येथें आम्हांस एक वाचलेली गोष्ट आठवली. २०२० सालीं महामारीमुळें जगभर शाळा बंद पडल्या. तेव्हां आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत सुमारें साडेचार हजार कुटुंबांत एक प्रयोग झाला. कांहीं घरीं दर आठवड्यास गणिताचे लघुसंदेश पाठविले. कांहीं घरीं संदेश पाठवून शिवाय पंधरा-वीस मिनिटें फोनवर मुलांशीं बोलून उदाहरणें सोडवून घेतलीं. १९९५ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या 'प्रथम' संस्थेनें वय न पाहतां मुलास जेवढें येतें तेथून पुढें शिकविण्याची जी पद्धत घडविली, ती तेथील संस्थेनें आधींच उचलली होती. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, कीं नुसत्या संदेशांचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाहीं. बोलणें जोडलें तेथें मात्र मुलांचें गणित सुधारलें. ह्या कामास महागडें यंत्र लागलें नव्हतें. साधा फोन पुरला. मात्र दुसऱ्या टोंकास, तुझें उत्तर काय आलें, असें विचारणारें माणूस असावें लागलें. आमच्या घरीं यंत्र उत्तम आहे. तें विचारणारें माणूस आम्ही नव्हतों, हें कबूल केलें पाहिजे.

सायंकाळीं मुलीचे वडील टायरगाडी घेऊन परतले. बैलांना वैरण घालून होतांच त्यांनीं फोन मागून घेतला. घरांतील तो एकच, आणि मुकादमाचें बोलावणें त्याच्यावरच यावयाचें. आमची ओळख करून दिल्यावर ते अवघडून बसले. मग मुलीनेंच सदऱ्याच्या खिशांतून वजनाच्या पावत्यांचें पुडकें काढून घेतलें आणि एका वहींत मांडणी करूं लागली. पंधरवड्याच्या तेरा पावत्यांची बेरीज एकतीस टन चार क्विंटल भरत होती. मुकादमाच्या वहींत अठ्ठावीस टन नऊ क्विंटल लागले होते. ती म्हणाली, "अडीच टन कमी हायेत, आन् अडीच टनाची आपली एकच पावती हाय, मंगळवारची. तीच ऱ्हायली लिहायची."

वडील कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें आमच्याकडे पाहून म्हणाले, "पोरगी बरोबर सांगती, साहेब. पण विचारावं कसं? पुढल्या सालची उचल त्याच्याच हातची." चुलीशीं बसलेली आई म्हणाली, "लई शिकून तरी काय? दोन सालांत हिच्या बी हाती कोयताच येनार." मुलीनें वही मिटली आणि पीठ मळावयास बसली. इतका वेळ आम्ही गणिताचें कौतुक करीत होतों. त्या गणिताचें ओझें कोणास वाहावें लागतें, तें त्या क्षणीं दिसलें. चुकीचा आंकडा दिसणें ही एक गोष्ट, आणि तो चुकला आहे असें बोलून दाखविण्याचें बळ असणें ही दुसरी. पहिली फोनवरून शिकवितां येते. दुसरीस आणखी पुष्कळ कांहीं लागतें, आणि तें आमच्यासारख्यांनीं जमविलें पाहिजे.

निघण्याच्या दिवशीं रविवार होता. सहाच्या सुमारास आम्ही निरोप घ्यावयास गेलों, तों मुलगी फोन कानाशीं धरून कोपीबाहेर उभी. वडिलांनीं मुकादमाकडे जाण्याचें अर्धा तास पुढें ढकललें होतें. पलीकडून बाईंचा आवाज अस्पष्ट ऐकूं येत होता, आणि ही म्हणत होती, "न्हाई बाई, थांबा, सांगू नका. मीच काढते."

घरीं आल्यापासून आम्ही रविवारीं सायंकाळीं पुतण्यापाशीं बसूं लागलों आहों. टॅब मिटलेला असतो. आम्ही आंकडा धरतों आणि तो प्रश्न विचारतो. परवां सात प्रश्नांत त्यानें तो काढला. मध्यें त्यानें एकदां विचारलें, "काका, त्या ताईच्या अडीच टनाचें काय झालें?"

पाडव्यानंतर मेहुण्यांचें पत्र आलें. कोप्यांचें गांव उठलें. माळावर चुलींचे काळे दगड तेवढे राहिले आहेत. पत्राच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें होतें, कीं हंगामाच्या हिशेबास तो गृहस्थ एकटा गेला नाहीं. मुलीला वहीसकट शेजारीं घेऊन बसला. मंगळवारची पावती तिनें पुढें ठेवली, आणि मुकादमानें, राहून गेली असेल, असें पुटपुटत अडीच टन लिहून घेतले.