टोरोंटोची दुपार, आपली मध्यरात्र

टोरोंटोत दुपारचे अडीच वाजले की एप्रिलमध्ये आपल्याकडे बरोबर बाराचा ठोका पडतो. २०२४च्या कँडिडेट्स बुद्धिबळ स्पर्धेतली फेरी याच वेळेला सुरू व्हायची. तिथल्या ग्रेट हॉलमध्ये आठ पुरुष आणि आठ स्त्रिया आपापल्या पटाशी येऊन बसत, आणि इकडे घर निजलेलं असताना मी कानात यंत्र खोचून पडद्यासमोर. गुकेश, प्रज्ञानंद, विदित, हंपी, वैशाली अशी आपली पाच माणसं एकाच छताखाली खेळत होती. झोपेचं काय, ती मे महिन्यात काढता येते.

पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी असते. इंजिनाच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाच्या, हिशेबाने कोण वरचढ आहे ते ती क्षणोक्षणी सांगत राहते. जगातला अव्वल खेळाडू अर्धा तास डोकं धरून बसलेला असतो, आणि त्याला जे सापडत नाही ते आपल्याला फुकट कळलेलं असतं. मला हे ज्ञान मानवत नाही. मी पट्टी झाकून ठेवते. मग पटावर काय चाललंय ते आपलं आपल्याला शोधावं लागतं, निम्मं कळत नाही, पण माणसं दिसायला लागतात. गुकेश डोळे मिटून घेतो. नाकामुरा छताकडे बघत चाली मोजतो, जणू पट वर टांगलेला आहे. कुणी उठून दुसऱ्याच्या डावावर नजर टाकून येतो, आणि परतताना त्याची चाल बदललेली असते.

माझा जीव नाशिकच्या विदित गुजराथीवर. दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने नाकामुराच्या राजासमोरच्या, एच३वरच्या प्याद्यावर सरळ उंट टाकला. तिथे उंट देणं म्हणजे नुसतं धाडस नव्हतं, खोल अभ्यास होता. पण बघताना अंगावर काटा आला तो धाडसानेच. नाकामुरा त्याआधी सलग ४७ डाव अपराजित होता. विदितने तो डाव जिंकला, आणि नवव्या फेरीत पांढरी मोहरी घेऊन त्यालाच पुन्हा हरवलं. कँडिडेट्समध्ये एवढ्या बळकट खेळाडूला दोनदा धूळ चारणारा आपला माणूस शेवटी सहाव्या जागी राहिला. १४ डावांत ६ गुण. या स्पर्धेत पहिल्या क्रमांकालाच जगज्जेत्याशी खेळायला मिळतं, बाकी जागा कागदावर. मला ते कधी पटलं नाही. त्या दोन रात्री माझ्या हिशेबात कुठल्याही तक्त्याच्या वर आहेत.

सातव्या फेरीत गुकेश अलिरेझा फिरूझाशी खेळत होता. तिथे पहिल्या ४० चालींना दोन तास, आणि तोपर्यंत चालीमागे एक सेकंदही वाढून मिळत नाही. मधल्या धामधुमीत बाजी गुकेशच्या बाजूला झुकली होती. मग काटा पळू लागला, हात पळू लागले, आणि डाव हातचा गेला. सतरा वर्षांच्या पोराचा चेहरा कॅमेऱ्याने इतक्या जवळून दाखवला की मला मान वळवावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. पुढे त्याने सांगितलं, की त्या पराभवानंतरच आतून बळ आल्यासारखं वाटलं, आपला दिवस येऊ शकतो असं वाटलं. आठव्या फेरीत त्याच्यासमोर कोण? विदित. गुकेशने काळ्या मोहऱ्यांनी त्याला हरवलं. त्या रात्री आनंद कुणासाठी करायचा हे मला उमगेना. दोघांपैकी जो चाल करेल त्याच्याकडे मन पळत राहिलं.

आणि चौदावी फेरी. गुकेश साडेआठ गुणांवर. नाकामुरा, कारुआना आणि नेपोम्नियाची आठवर. गुकेशने नाकामुराशी बरोबरी साधली आणि पटावरून उठला. आता सगळं दुसऱ्या पटावर, तिथे कारुआनासमोर नेपो. दोघांपैकी कुणीही जिंकला तर गुणांत गुकेशच्या जोडीला, आणि मग टायब्रेक. डाव बरोबरीत सुटला तर गुकेश एकटा पहिला. कारुआनाने डाव जिंकायच्या बेताला आणला होता. एकदा नाही, पुनःपुन्हा. त्या रात्री पट्टी उघडायचा मोह मला आवरला नाही. ती पांढऱ्याने भरून यायची, एक चाल व्हायची, आणि ती ओसरायची. कारुआनाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याच्यासमोर फक्त मोहरी, घड्याळ आणि कित्येक तासांचा शीण. त्या घडीला मला गुकेश जिंकायला हवा होता, आणि तरी कारुआनाला ती चाल सुचावी असंही वाटत होतं.

शंभराहून अधिक चालींनंतर बरोबरी झाली. चौसष्ट घरांवर दोघांचंही स्वप्न एकदमच विझलं होतं. नेपोने कारुआनाची माफी मागितली, कारुआना म्हणाला की चूक माझीच. गुकेश तेव्हा आपल्या प्रशिक्षकाबरोबर बाहेर फेरफटका मारत होता. १४ डावांत ९ गुण, कँडिडेट्स जिंकणारा आजवरचा सर्वांत लहान खेळाडू. विश्वनाथन आनंदनंतरचा दुसरा भारतीय. आपल्याकडे उजाडत होतं आणि फोनवर अभिनंदनाचे निरोप थडकू लागले होते. मी मात्र कारुआनाच्या डावात मागे जाऊन, पट्टी झाकून, ती निसटलेली चाल शोधत बसले.