शुक्रवारचा बन

गुड फ्रायडेच्या बनाचं पीठ संथ असतं. दालचिनी यीस्टला दाबून ठेवते, साखर थोडी जास्त झाली की ते आणखी मंदावतं, आणि दूध-लोण्यानं पीठ जड होतं ते वेगळंच. भिवंडीच्या उन्हाळ्यात पावाचं पीठ बघता बघता परातीबाहेर डोकावतं. या पिठाजवळ मात्र बसून राहावं लागतं. घाईपोटी यीस्ट वाढवलं तर बनाला आंबूस वास येतो आणि लवंग-जायफळ वाया जातात. मनुके आणि संत्र्याची साल मी गुरुवारी रात्री, चर्चमधला पाय धुण्याचा विधी आटोपून घरी आले की, संत्र्याच्या रसात भिजत घालते. कोरडे मनुके घातले तर ते पिठातलंच पाणी ओढून घेतात आणि बन दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो. पहाटे उठून पीठ मळायचं, फुगलं की गोळे करून पत्र्यावर मांडायचे, पत्र्यावर ओलं फडकं टाकायचं आणि निजामपुऱ्यातल्या बेकरीची वाट धरायची.

माझं माहेर वसईचं. अंजूरफाट्यावरून कामण-चिंचोटीच्या रस्त्यानं गेलं तर फार लांब नाही, पण गावाची चव पार वेगळी. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि पाव आमच्याकडे त्यांच्याच पाठोपाठ आला. हा बन मात्र त्यांचा नव्हे, तो इंग्रजांचा. १५९२ साली लंडनमध्ये असे मसालेदार बन विकायला बंदी घातली गेली आणि सूट दिली गेली ती अंत्यविधी, गुड फ्रायडे आणि नाताळ एवढ्याच प्रसंगांना. मला त्या यादीतला अंत्यविधी महत्त्वाचा वाटतो. हा सणाचा गोडधोड पदार्थ नाहीच. दुखवट्याच्या दिवशीचा घास आहे तो, आणि त्यातला मसाला ऐषारामासाठी नाही, मृत देहाला सुगंधी द्रव्यं लावण्याची आठवण म्हणून आहे, असं आमच्याकडे मोठी माणसं सांगत. आजीच्या काळात आमच्या घरी या दिवशी पेजच असे. बन आला तो बाबांबरोबर, वांद्र्याहून, कागदाच्या पुडक्यात. लग्नानंतर भिवंडीत आले तेव्हा तो आपण स्वतःच करायचा असं मी ठरवलं.

घरात ओव्हन नव्हता आणि आता असला तरी मी तो वापरत नाही. आपल्याकडे दिवाळीत आणि मे महिन्यात बायका नानकटाईचे डबे घेऊन बेकरीत जात असत. भट्टी मोकळी असली की बेकरीवाला भाजून देत असे. निजामपुरा हा भिवंडीचा जुना भाग, इतका की महानगरपालिकेच्या नावातही भिवंडीला जोडून निजामपूर आहे. तिथल्या गल्लीत, यंत्रमागांच्या खटखटाटात, एका कोकणी मुसलमान कुटुंबाची बेकरी आहे. तिथले मालक, चाचा, मला पहिल्यांदाच म्हणाले होते, "बाई, सकालचा पाव निघाला की या. तवा भट्टी नरम असते." त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. पावाला कडक आच लागते. बनात साखर आणि दूध, त्यामुळे तशा आचेत तो वरून काळा पडतो आणि आत कच्चा राहतो. पावाच्या लाद्या निघाल्या, भट्टीतला विस्तव ओढून काढला, की विटांमध्ये जी ऊब उरते ती या बनाची.

२०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं गुड फ्रायडे रमजानमध्ये आला. ईस्टरची तारीख वसंतातल्या पौर्णिमेवर ठरते, म्हणून तो शुक्रवार कधी होळीच्या मागून येतो, कधी हनुमान जयंतीला टेकून. २०२३ मध्ये ६ एप्रिलला हनुमान जयंती होती, ७ ला गुड फ्रायडे. रमजान चंद्राबरोबर दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत जातो. हे दोन्ही पुन्हा एकत्र यायला आता तीसेक वर्षं लागतील.

त्या ७ एप्रिलची सकाळ मला लख्ख आठवते. चाचांचा रोजा, कारागिरांचा रोजा, आणि दुपारी तीनची उपासना होईपर्यंत माझ्याही तोंडात काही जायचं नव्हतं. मीठ बरोबर पडलंय का, हे सांगणारं त्या बेकरीत कुणी नव्हतं. चाचांनी गोळा बोटानं दाबला, तो हळूच वर आला. त्यांनी वाकून वास घेतला आणि मान डोलावली. बनांवरचा क्रूस काढायचा राहिला होता. तो आधी काढून चालत नाही. पीठ फुगताना रेघ तडकते. मैदा आणि पाण्याची घट्ट पेस्ट मी वाटीतून नेली होती. चाचांची मुलगी ईदला अख्ख्या गल्लीच्या हातांवर मेंदी काढते. तिनं प्लॅस्टिकचा तुकडा मेंदीच्या कोनासारखा वळला, पेस्ट भरली, टोक कापलं आणि विचारलं, "आधी उभी, का आडवी?" मी म्हटलं, उभी. तिनं पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात न उचलता रेघ ओढली, एका ओळीतल्या सगळ्या बनांवरून एकच. मग आडव्या. माझ्या हाताला इतकी सरळ रेघ कधीच आलेली नाही. लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रा आत गेला. बाहेर आल्यावर गरम बनांवर साखरेचा पाक फिरवला तेव्हा दालचिनीचा वास गल्लीत गेला आणि जुम्म्याच्या तयारीत निघालेली दोन पोरं दारात थबकली. त्यांच्या वाटचे बन चाचांनी झाकून ठेवले, इफ्तारसाठी.

अशा भट्ट्यांचं पुढे काय, हा प्रश्न आता उभा आहे. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं दिला. धूर जायलाच हवा. भट्टीपाशी उभं आयुष्य काढलेल्या कारागिरांच्या छातीला तो किती बाधतो हे मी पाहिलं आहे. गॅसवरही बन चांगला होईल, याबद्दल मला शंका नाही. पण नवी यंत्रं आणताना बेकरीवाल्यांवर कर्जाचा बोजा पडून लहान बेकऱ्याच बंद झाल्या, तर शेजारणीचा पत्रा आत सरकवणारं कुणी उरणार नाही. त्यांना अनुदान मिळालं पाहिजे, मुदत मिळाली पाहिजे, आणि गिऱ्हाईक तर आपणच टिकवलं पाहिजे. तुमच्या गल्लीत अशी भट्टी असेल तर सकाळचा पाव निघाल्यावर एकदा जाऊन विचारा. नानकटाई असो, केक असो की बन, भाजून देतात.