इंट्राकॅथ, बहात्तर तास आणि मी

एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी प्रबंधाच्या सिनॉप्सिससाठी विषय ठरवायचा होता. त्याआधी मी मेडिसिन वॉर्डात नोकरी केलेली, त्यामुळे विषय समोरच होता. इंट्राकॅथला, म्हणजे हाताच्या शिरेत घातलेल्या सलाईनच्या नळीला, बहात्तर तास झाले की जागा बदलायची, असा आमच्याकडे नियम. चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेली तारीख घामाने पुसट व्हायची, हात ठणठणीत असायचा, तरी नवी शीर शोधत बसायचं. "सिस्टर, चालतंय की हे, कशाला काढता?" नातेवाईक विचारायचे. नियम आहे, एवढंच उत्तर माझ्याकडे असायचं.

गाईड मॅडम म्हणाल्या, "आधी प्रश्न चार तुकड्यांत लिहून आण." पेशंट कोण, काय करणार, कशाशी तुलना, काय मोजणार. यालाच पिको म्हणतात. मी लिहिलं: वॉर्डातले प्रौढ पेशंट, गरज पडली तरच इंट्राकॅथ बदलणे, ठरल्या वेळी बदलण्याशी तुलना, फ्लेबायटिस (शिरेचा दाह). कागद लहान होता, पण पुढचं सगळं त्यावरच चाललं.

पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस फुकट आहे, म्हणून तिथून सुरुवात केली. 'इंट्राकॅथ' टाकलं तर कामाचं फारसं काही येईना. नुसतं 'फ्लेबायटिस' टाकलं तर एवढी यादी आली की मी लॅपटॉप मिटून चहाला गेले. शेवटी ग्रंथपाल सरांनी मेश दाखवलं. पबमेडमधल्या बहुतेक लेखांना ठरावीक विषयशब्द जोडलेले असतात, आमचा इंट्राकॅथ तिथे 'कॅथेटरायझेशन, पेरिफेरल' या नावाखाली येतो. एकाच अर्थाचे शब्द 'ऑर'ने जोडायचे, त्यांना कंस घालायचा, मग दोन गट 'अँड'ने बांधायचे. अगदी नव्या लेखांना मेश लागायला वेळ लागतो, म्हणून साधे शब्दही सोबत टाकायचे. यादी आवाक्यात आली.

सीनिअरने 'फ्री फुल टेक्स्ट'वर खूण करायला सांगितलं होतं. सरांनी ती काढायला लावली. फुकट मिळतो तोच लेख महत्त्वाचा, असं थोडंच आहे? आमच्या कॉलेजात सिनाहल हा नर्सिंगचा डेटाबेस नव्हता, ती अडचण शेवटपर्यंत राहिली. काही पैशांचे लेख ओळखीतल्या मोठ्या कॉलेजच्या लायब्ररीतून मिळवले. एका लेखिकेला तर सरळ ईमेल केला. मला धाकधूक होती, पण तिने पीडीएफ पाठवली.

खरी गंमत पुढे झाली. आमच्या लायब्ररीतल्या जुन्या प्रबंधांत एकच वाक्य एकातून दुसऱ्यात उतरलेलं: अमेरिकेच्या सीडीसीच्या मते दर 72 ते 96 तासांनी जागा बदलावी. मी 2011 चं मूळ मार्गदर्शन उघडलं. त्यात होतं, मोठ्या माणसांत 72 ते 96 तासांपेक्षा लवकर बदलण्याची गरज नाही. आणि गरज पडली तरच बदलावं का, यावर त्यांनी शिफारसच केली नव्हती. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक! तेव्हापासून मूळ कागद वाचल्याशिवाय मी काहीच उतरवलं नाही.

क्वीन्सलँडमधला 2012 चा लॅन्सेटमधला अभ्यास सापडला, 3,283 पेशंटांचा. ठरल्या वेळी बदललेल्या आणि गरजेनुसार बदललेल्या, दोन्ही गटांत फ्लेबायटिस सारखाच, 7 टक्के. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात असे 9 अभ्यास होते आणि त्यांतही फ्लेबायटिसमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. मला वाटलं, झालं काम. मॅडम म्हणाल्या, "विरुद्ध बोलणारं काही शोधलंस का?" मनातून वैतागले, पण शोधलं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांचा 2021 चा लेख मिळाला. तिथे ठरल्या वेळी बदलणं बंद केल्यावर रक्तातला संसर्ग वाढलेला दिसला आणि त्यांनी जुनी पद्धत परत आणली. म्हणजे प्रश्न तासांचा कमी, जागा रोज कोण बघतं याचा जास्त.

म्हणून विषय बदलला. प्रत्येक ड्युटीत सिस्टर इंट्राकॅथची जागा बघून फ्लेबायटिसचा व्हीआयपी स्कोअर नोंदवतात का, हे बघायचं ठरलं. 0 ते 5 गुण असतात. दुखणं, लाली, सूज यांतली दोन लक्षणं दिसली की 2 गुण, आणि इंट्राकॅथ काढायचा.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, नेमके कोणते शब्द, किती लेख आले, हे वहीत लिहा. लेख झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, ते फुकट आहे. सिनॉप्सिसच्या बैठकीत मला पहिला प्रश्न तोच आला: "कसं शोधलंत?" मी वही पुढे केली.