खुर्चीतली पाठ आणि मावशींचे हात

आपल्या भागात अंगाला तेल लावून घेण्याचा मान आजवर तिघांचा: तान्हं बाळ, बाळंतीण आणि तालमीतला पैलवान. बाळंतिणीला कन्नडमध्ये ‘बाणंती’ म्हणतात. शब्द जवळचा आणि न्हाणीघरातली तिची बडदास्तही सारखीच. बाकीच्यांच्या वाट्याला वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहाटे, तेल-उटणं. आता या यादीत चौथा माणूस आला आहे, दिवसभर खुर्चीत बसणारा.

मी त्यातलीच. बेळगावात एका पतसंस्थेत माझी बावीस वर्षं नोकरी झाली. आधी खतावणी होती, मग संगणक आला. खतावणीसाठी निदान कपाटापर्यंत उठावं लागायचं, संगणकानं तेवढं उठणंही संपवलं. माझे सासरे वडगावात मागावर बसायचे. त्यांचे हातपाय तरी हलायचे, आमची हलतात ती फक्त बोटं.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते खांद्यांवर सरळ असेल तोवर मान ते सहज पेलते. पुढं झुकलं की मानेमागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. २०१४ साली केनेथ हंसराज या अमेरिकन शल्यविशारदांनी याचं गणित मांडलं. मान साठ अंशांत वाकवली तर मणक्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो, असं त्यात निघालं. मोबाईल बघताना आपण असेच वाकतो. तासन्‌तास असं धरून ठेवलं की स्नायू आखडतो आणि संध्याकाळी मानेत गोळा आल्यासारखं होतं.

आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या एक मावशी आहेत. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. आता घरोघरी बाळंतपणं कमी झाली, तशा त्या आमच्यासारख्यांच्या पाठी चोळायला जाऊ लागल्या. दर रविवारी माझ्याकडे यायच्या. तेल कोमट करून आधी तळव्यानं पाठ गरम करायच्या, मग खवाट्याच्या कडेकडेनं अंगठा फिरवायच्या. दुखरी जागा त्यांना सांगावी लागत नसे. त्या रात्री झोप गाढ लागायची.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर पडू लागली. पेन हातातून निसटायचं. रविवारी मावशींना मी ते सांगितलं. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली, माझी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “अक्का, इदु नन्न केलस अल्ल. डाक्टर कडे होग्री.” हे आपलं काम नव्हे, डॉक्टरकडं जा. मी म्हटलं, “आजचं तरी करा, आलाच आहात तर.” त्यांनी मानेला हातही लावला नाही. त्या दिवसाचे पैसे देऊ केले तर तेही घेतले नाहीत. त्यांच्या घरी त्या दोनशे रुपयांची किंमत काय आहे, हे मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी तपासणी केली. मानेत शीर दबली होती. अशा वेळी मान जोरात चोळली-मोडली तर दुखणं वाढू शकतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग दोन महिने व्यायाम आणि फिजिओथेरपी. बोटं परत कामाला लागली, नोकरी टिकली.

मालिशीनं काय होतं आणि काय होत नाही, हे तेव्हापासून मला नीट कळलं. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेनं कंबरदुखीवरच्या मालिशीच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. थोड्या काळापुरता आराम पडतो, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे रविवारची मालीश सोमवारची खुर्ची सुधारत नाही. त्यासाठी पडदा डोळ्यांच्या उंचीवर हवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठायला हवं. मी आता पाण्याची बाटली मुद्दाम टेबलावर ठेवत नाही. मुंग्या येणं, पकड सैल होणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा ताप असेल तर मात्र आधी डॉक्टर, तेल नंतर.

मावशी पुन्हा येऊ लागल्या आहेत. परवा पाहिलं, त्या अंगठ्याऐवजी कोपर वापरत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, अंगठ्याचं मूळ वर्षभर ठणकतंय. इतक्या पाठी चोळणाऱ्या त्या हाताला रजा नाही, पगारी सुट्टी नाही. मी माझ्या फिजिओथेरपिस्टना त्यांच्यासाठी वेळ मागितली आहे. मावशी “बघू” म्हणाल्यात. येत्या गुरुवारी त्यांना घेऊन जाणार आहे.